टपालाच्या थैलीपासून जंबोपर्यंत : एअर इंडियाच्या विमानताफ्याचा इतिहास

विमानकंपनीचा ताफा म्हणजे तिच्या मालकीच्या किंवा भाडेपट्ट्याने घेतलेल्या विमानांची नुसती बेरीज नव्हे. प्रत्येक जातीच्या विमानासाठी वैमानिकाला वेगळे प्रशिक्षण घ्यावे लागते, अभियंत्याला त्याच जातीच्या दुरुस्तीचे वेगळे प्रमाणपत्र मिळवावे लागते, सुट्या भागांचा वेगळा साठा ठेवावा लागतो आणि विमान आत घेता येईल असा हँगर, म्हणजे दुरुस्तीची प्रशस्त शेड, तयार असावी लागते. त्यामुळे कोणते विमान घेतले यापेक्षा ते केव्हा घेतले, किती घेतली आणि ती सांभाळण्याची तयारी किती होती, या प्रश्नांवर कंपनीचे भवितव्य ठरते. भारताची राष्ट्रीय विमानकंपनी म्हणून ओळखली गेलेली एअर इंडिया हे याचे ठळक उदाहरण आहे. वेळेवर आणि झेपेल इतकी खरेदी केली त्या काळात ही कंपनी जगातील नामवंत कंपन्यांच्या पंक्तीला बसली, आणि खरेदी वर्षानुवर्षे लांबवून मग एकदम मोठे ओझे डोक्यावर घेतले तेव्हा ती खचत गेली. तिच्या नऊ दशकांच्या ताफ्याचा इतिहास हेच सांगतो.

या इतिहासाचा आरंभ जुहूच्या मैदानावर झाला. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा यांनी डी हॅविलँड कंपनीचे ‘पस मॉथ’ हे एका इंजिनाचे विमान कराचीहून सकाळी उडवले, वाटेत अहमदाबादला इंधन भरले आणि दुपारी ते जुहूला उतरवले. त्यात प्रवासी नव्हते, सुमारे २५ किलो टपाल होते. इंग्लंडहून येणारे टपाल त्या काळी इम्पीरियल एअरवेजच्या विमानाने कराचीपर्यंत पोहोचत असे, आणि तेथून ते मुंबईमार्गे मद्रासला नेण्याचे काम टाटा सन्सच्या विमान विभागाने पत्करले होते. या योजनेमागे जे. आर. डीं.च्या बरोबरीने नेव्हिल व्हिन्सेंट हा ब्रिटिश वैमानिक होता आणि मुंबईपासून बेल्लारीमार्गे मद्रासपर्यंतचा पुढचा टप्पा त्यानेच उडवला. सरकारने अनुदान देण्याचे नाकारले होते, त्यामुळे वाहून नेलेल्या टपालाच्या वजनावर मिळणाऱ्या मोबदल्यातच सारा खर्च भागवावा लागे.

दोन पस मॉथ आणि मोजके वैमानिक व मेकॅनिक, एवढाच हा पहिला ताफा होता. जुहूचे मैदान समुद्रालगतचे आणि सखल असल्यामुळे पावसाळ्यात तेथे पाणी साचून विमाने उतरवणे अशक्य होई, म्हणून चार महिन्यांसाठी सगळा बाडबिस्तरा पुण्याला येरवड्याच्या मैदानावर हलवला जाई. विमानात रेडिओ नव्हता, जमिनीवर दिशादर्शक यंत्रणा नव्हती आणि सह्याद्रीवरून ढगांतून वाट काढताना वैमानिकाची भिस्त होकायंत्रावर आणि नजरेवर असे. तरीही ही सेवा वक्तशीरपणासाठी नावाजली गेली, पहिल्या वर्षात १५५ प्रवासी वाहून तिने सुमारे ६०,००० रुपयांचा नफा मिळवला आणि त्याच बळावर हळूहळू लेपर्ड मॉथ, फॉक्स मॉथ अशी थोडी मोठी विमाने घेतली. मार्ग वाढला की विमान वाढवायचे, हे धोरण तेव्हापासूनच दिसते.

दुसऱ्या महायुद्धाने भारतीय विमानवाहतुकीला अनपेक्षितपणे विमाने मिळवून दिली. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांच्या सैन्याकडची डग्लस डीसी-३, म्हणजे ‘डाकोटा’ या नावाने सर्वतोमुखी झालेली विमाने स्वस्तात विक्रीस निघाली. दोन इंजिनांचे हे दणकट विमान कच्च्या धावपट्टीवरही उतरत असे आणि त्याची दुरुस्ती साध्या हत्यारांनी करता येत असे. २९ जुलै १९४६ रोजी टाटा एअरलाइन्सचे रूपांतर ‘एअर-इंडिया’ या सार्वजनिक मर्यादित कंपनीत झाले, तेव्हा तिच्या देशांतर्गत सेवेचा कणा डाकोटाच होता. मात्र डाकोटाचा पल्ला, म्हणजे एकदा इंधन भरल्यावर कापता येणारे अंतर, युरोपची सेवा चालवण्यास पुरेसा नव्हता.

ती उणीव लॉकहीड कंपनीच्या ‘कॉन्स्टेलेशन’ने भरून काढली. चार पिस्टन इंजिने, शेपटीला तीन उभे पंख आणि उंचावरही प्रवाशांना नीट श्वास घेता यावा म्हणून हवेचा दाब राखलेला कक्ष, ही या विमानाची वैशिष्ट्ये होती. ४९ टक्के सरकारी भांडवल असलेली ‘एअर-इंडिया इंटरनॅशनल’ ही स्वतंत्र कंपनी मार्च १९४८ मध्ये स्थापन झाली आणि ८ जून १९४८ च्या रात्री ‘मलबार प्रिन्सेस’ हे तिचे कॉन्स्टेलेशन ३५ प्रवाशांसह मुंबईहून निघून कैरो आणि जिनिव्हामार्गे १० जूनला लंडनला पोहोचले. स्वतंत्र होऊन एक वर्षही न झालेल्या देशाचे विमान साम्राज्याच्या जुन्या राजधानीत उतरले, याचे अप्रूप त्या पिढीला किती वाटले असेल याची कल्पना करता येते. ताफ्यातील विमानांना राजकन्यांची नावे देण्याची प्रथाही येथूनच सुरू झाली आणि त्या मालिकेत ‘मराठा प्रिन्सेस’ हे नावही होते.

या राजकन्यांपैकी दोघींचा शेवट शोकान्त झाला. ३ नोव्हेंबर १९५० रोजी ‘मलबार प्रिन्सेस’ आल्प्समधील माँ ब्लाँ पर्वतावर आदळले आणि त्यातील सर्व ४८ जण मृत्युमुखी पडले. ११ एप्रिल १९५५ रोजी ‘काश्मीर प्रिन्सेस’ हे विमान बांडुंग परिषदेसाठी निघालेल्या चिनी शिष्टमंडळाला आणि पत्रकारांना घेऊन हाँगकाँगहून जकार्ताकडे जात असता, हाँगकाँगच्या मुक्कामात त्यात दडवलेल्या बॉम्बचा स्फोट होऊन ते समुद्रात कोसळले. पेटलेले विमान शेवटपर्यंत हाताबाहेर जाऊ न देता पाण्यावर उतरवण्याचा प्रयत्न करणारे कॅप्टन दा. का. जटार यांना मरणोत्तर अशोक चक्र देण्यात आले. विमानातील १९ जणांपैकी तिघे वाचले, आणि त्यांत अनंत श्रीधर कर्णिक हे देखभाल अभियंता होते. त्यांनी पुढे या घटनेवर पुस्तक लिहिले. ताफ्याच्या इतिहासात यंत्रांची नावे नोंदली जातात, पण त्या यंत्रांना सांभाळणारी अशी माणसे हाच त्याचा खरा आधार होता.

१९५३ च्या हवाई महामंडळ कायद्याने विमानवाहतुकीचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १ ऑगस्टपासून दोन महामंडळे अस्तित्वात आली. परदेशी मार्ग एअर-इंडिया इंटरनॅशनलकडे राहिले, तर देशांतर्गत सेवेसाठी आठ खासगी कंपन्या एकत्र करून इंडियन एअरलाइन्स उभी करण्यात आली. या दुसऱ्या महामंडळाच्या पदरी ९९ विमाने पडली, त्यांत ७४ डाकोटा, १२ व्हायकिंग आणि बाकी इतर जातींची विमाने होती. वेगवेगळ्या कंपन्यांच्या सवयी, नोंदवह्या आणि सुट्या भागांचे साठे यांची एक घडी बसवण्यातच तिची पहिली वर्षे गेली. १९५७ मध्ये आलेले व्हायकाउंट हे तिचे पहिले टर्बोप्रॉप विमान होते. यातील जेट इंजिन तप्त वायूच्या झोताने पंखा, म्हणजे प्रॉपेलर, फिरवते, त्यामुळे पिस्टन इंजिनापेक्षा आवाज आणि हादरे कमी होतात व वेग वाढतो. पुढे फॉकर फ्रेंडशिप आणि कानपूरला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सने बांधलेले ‘अॅव्रो’ ही याच वर्गातील विमाने लहान शहरांच्या सेवेसाठी आली. नोव्हेंबर १९८५ मध्ये कॅप्टन सौदामिनी देशमुख यांनी निवेदिता भसीन यांच्या साथीने कलकत्ता ते सिल्चर हे केवळ महिला कर्मचारी असलेले उड्डाण केले, तेही फॉकर फ्रेंडशिप विमानानेच.

परदेशी मार्गांवर मात्र एअर इंडियाने जेटयुगात प्रवेश करताना जो संयम आणि जी चपळाई दाखवली, ती तिच्या इतिहासातील सर्वांत अभ्यासनीय गोष्ट आहे. जगातील पहिले प्रवासी जेट विमान ‘कॉमेट’ याची मागणी कंपनीने नोंदवली होती, परंतु १९५४ मध्ये कॉमेटच्या लागोपाठच्या अपघातांनंतर तो विचार सोडून देण्यात आला. मधल्या काळात ‘सुपर कॉन्स्टेलेशन’ घेऊन सेवा पूर्वेकडे टोकियोपर्यंत वाढवली गेली, आणि बोइंग ७०७ भरवशाचे ठरत असल्याचे दिसताच त्याची मागणी नोंदवण्यात आली. रोल्स-रॉइस कंपनीची ‘कॉनवे’ इंजिने बसवलेले पहिले ७०७ फेब्रुवारी १९६० मध्ये मुंबईत आले, एप्रिलमध्ये लंडनची आणि मे महिन्यात न्यूयॉर्कची सेवा सुरू झाली. या विमानांना नंदादेवी, गौरीशंकर, अन्नपूर्णा, कांचनजंगा अशी हिमालयाच्या शिखरांची नावे देण्यात आली.

दोन वर्षांत पिस्टन इंजिनांची सर्व विमाने सेवेतून काढून जून १९६२ मध्ये एअर इंडिया संपूर्ण जेट ताफा असलेली जगातील पहिली विमानकंपनी बनली. ताफा लहान होता, पण एकजिनसी होता. सगळे वैमानिक एकाच जातीच्या विमानात तरबेज, सगळे अभियंते त्याच इंजिनाचे जाणकार आणि सांताक्रूझच्या कार्यशाळेत त्याच विमानाचे सुटे भाग, या गोष्टींमुळे एक विमान नादुरुस्त झाले तर दुसरे त्याच्या जागी तत्काळ उभे राहू शकत असे. कंपनीच्या त्या काळातील वक्तशीरपणाचे आणि नफ्याचे रहस्य आदरातिथ्याइतकेच या एकजिनसीपणातही होते. या वैभवकाळावर एक काळी छायाही आहे. २४ जानेवारी १९६६ रोजी ‘कांचनजंगा’ जिनिव्हाकडे उतरत असता माँ ब्लाँवरच कोसळले आणि डॉ. होमी भाभा यांच्यासह ११७ जण त्यात गेले.

एप्रिल १९७१ मध्ये ‘एम्परर अशोक’ हे पहिले बोइंग ७४७ सांताक्रूझला उतरले आणि ‘जंबो’ हा शब्द मराठी माणसाच्या तोंडी रुळला. हे रुंद धडाचे विमान होते, म्हणजे त्याच्या कक्षात आसनांच्या रांगांमधून दोन वाटा होत्या, आणि ७०७ च्या दुपटीहून अधिक प्रवासी त्यात मावत. कंपनीने त्याला आकाशातील राजवाडा म्हणून सजवले. प्रत्येक खिडकीभोवती बाहेरून लाल रंगात राजस्थानी झरोख्याची महिरप रंगवली होती, त्यामुळे विमान धावपट्टीवर उभे असताना त्याच्या अंगावर कमानींची लांबच लांब रांग दिसे, तर आत भिंतींवर भारतीय चित्रशैलीतील आकृती होत्या. बॉबी कूका आणि चित्रकार उमेश राव यांनी १९४६ मध्ये घडवलेल्या ‘महाराजा’ या कंपनीच्या बोधचिन्हाला शोभेल असे वाहन या रूपाने त्याला मिळाले. याच सुमारास आवाजापेक्षा वेगवान ‘कॉन्कॉर्ड’ची दोन विमाने घेण्याचा हक्कही कंपनीने राखून ठेवला होता, पण तो पुढे सोडून दिला, आणि कॉन्कॉर्डचा पुढील तोट्याचा इतिहास पाहता तो निर्णय शहाणपणाचा ठरला.

‘एम्परर अशोक’चा अंत मुंबईच्याच दारात झाला. १ जानेवारी १९७८ च्या रात्री ते दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्यासमोरच्या समुद्रात कोसळले. विमान किती आणि कोणत्या बाजूला कलले आहे हे दाखवणाऱ्या कॅप्टनच्या समोरच्या यंत्रात बिघाड झाला होता. किनाऱ्यावरचे दिवे मागे पडून समोर नुसता काळोख असल्यामुळे डोळ्यांना क्षितिज दिसत नव्हते, आणि यंत्र विमान उजवीकडे कलल्याचे सांगत असल्यामुळे ते आणखी डावीकडे वळवले गेले. २१३ जणांपैकी कोणीही वाचले नाही. २३ जून १९८५ रोजी ‘एम्परर कनिष्क’ अतिरेक्यांनी ठेवलेल्या बॉम्बने आयर्लंडजवळ अटलांटिक महासागरावर उडवले गेले आणि ३२९ जणांचा बळी गेला.

ऐंशीच्या दशकात मध्यम पल्ल्यासाठी एअरबसची ए-३०० आणि १९८६ पासून ए-३१० ही विमाने आली व त्यांना यमुना, कृष्णा, नर्मदा अशी नद्यांची नावे मिळाली. १९८८ मध्ये ‘कॉम्बी’ प्रकारची दोन ७४७ दाखल झाली. कॉम्बी म्हणजे मुख्य मजल्याच्या पुढच्या भागात प्रवासी आणि मागच्या भागात मालवाहू पेट्या नेणारे विमान, आणि त्यांपैकी एकाचे नाव ‘शिवाजी’ होते. १९९३ पासून आलेल्या ७४७-४०० विमानांना कोणार्क, खजुराहो, आग्रा यांच्या जोडीने ‘अजिंठा’ आणि ‘वेल्हा गोवा’ ही नावे देण्यात आली. दरम्यान इंडियन एअरलाइन्सने १९८९ मध्ये एअरबस ए-३२० स्वीकारले. भारतातील काही धावपट्ट्या जड विमानाचा भार पेलण्याइतक्या मजबूत नव्हत्या, म्हणून या विमानांच्या पंखाखालच्या प्रत्येक पायाला नेहमीच्या दोन चाकांऐवजी चार चाके बसवून घेण्यात आली. देशाची गरज ओळखून विमान घडवून घेण्याचे हे उत्तम उदाहरण आहे.

या ताफ्याचे राष्ट्रीय मोल १९९० मध्ये सिद्ध झाले. इराकने कुवेतवर आक्रमण केल्यानंतर जॉर्डनमधील अम्मान येथे पोहोचलेल्या लाखाहून अधिक भारतीयांना ५९ दिवसांत ४८८ उड्डाणे करून मायदेशी आणण्यात आले. नफ्यातोट्याचा हिशेब बाजूला ठेवून एवढी विमाने आणि माणसे कामाला लावणे राष्ट्रीय कंपनीमुळेच शक्य झाले, ही गोष्ट तिच्या टीकाकारांनीही विसरता कामा नये.

याच दशकात मात्र ताफ्याच्या अवनतीची बीजे पेरली गेली. १९९४ मध्ये जुना कायदा रद्द होऊन खासगी कंपन्यांना मोकळे रान मिळाले, आखाती कंपन्या नवनवी विमाने घेऊन मुंबई आणि कोचीच्या प्रवाशांना खेचू लागल्या, आणि नेमक्या अशा वेळी एअर इंडियाची नवी खरेदी समित्यांच्या आणि मंत्रालयांच्या फेऱ्यांत वर्षानुवर्षे अडकून पडली. जुनी विमाने थकली, त्यांची डागडुजी महागली आणि उणीव भरून काढण्यासाठी निरनिराळ्या जातींची विमाने भाड्याने आणावी लागली, त्यामुळे साठच्या दशकात कमावलेला एकजिनसीपणा हरवला.

मग खरेदी झाली ती अंथरूण न पाहता. एअर इंडियाच्या मूळ प्रस्तावातील विमानांची संख्या २८ होती, ती ६८ वर गेली, आणि इंडियन एअरलाइन्सची ४३ एअरबस धरून २००५-०६ मध्ये एकूण १११ विमानांची मागणी नोंदवण्यात आली. खर्चाचा बहुतेक भार कर्जावर होता. २००७ मध्ये दोन्ही कंपन्यांचे विलीनीकरण झाले, पण एका ठिकाणी बोइंगची आणि दुसऱ्या ठिकाणी एअरबसची परंपरा असल्यामुळे वैमानिक, अभियंते आणि साठे एकमेकांच्या उपयोगी पडले नाहीत. अमेरिकेला न थांबता जाण्यासाठी घेतलेल्या आठ ७७७-२००एलआर विमानांपैकी पाच, इंधनाचा खर्च परवडेना म्हणून काही वर्षांतच एतिहाद कंपनीला विकावी लागली. नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०११ च्या अहवालात या साऱ्या खरेदीवर कडक ताशेरे ओढले. खरेदीच्या करारानुसार बोइंगने नागपूरच्या मिहान प्रकल्पात देखभाल केंद्र बांधून द्यायचे होते, आणि ते केंद्र प्रत्यक्ष कामाला लागले २०१५ मध्ये, म्हणजे पहिली नवी विमाने येऊन आठ वर्षे उलटल्यावर. विमाने आधी आली आणि हँगर मागून आला, या एका गोष्टीत त्या काळच्या नियोजनाचे सारे मर्म आहे.

२७ जानेवारी २०२२ रोजी कंपनी पुन्हा टाटा समूहाकडे आली, तेव्हा कित्येक विमाने सुट्या भागांअभावी जमिनीवर उभी होती आणि एका विमानाचे भाग काढून दुसरे चालवण्याची वेळ आली होती. फेब्रुवारी २०२३ मध्ये २५० एअरबस आणि २२० बोइंग अशा ४७० विमानांची मागणी जाहीर झाली. जानेवारी २०२४ मध्ये पहिले ए-३५० सेवेत आले, आणि त्याच वर्षी २२ एप्रिलला ताफ्यातले अखेरचे उड्डाणक्षम जंबो ‘आग्रा’ मुंबईहून पंख हलवून निरोप घेत अमेरिकेकडे निघून गेले. १२ जून २०२५ रोजी अहमदाबादला ७८७ ड्रीमलायनर कोसळून विमानातील २४२ पैकी २४१ जणांचा आणि जमिनीवरील लोकांचाही जीव गेला, तेव्हा ताफ्याची जबाबदारी किती भारी असते याची देशाला पुन्हा जाणीव झाली.

ज्या दोन मोठ्या वळणांवर कंपनीने ताफा बदलला, त्यांची तुलना केली की निष्कर्ष स्पष्ट होतो. १९६० च्या खरेदीत विमाने थोडी होती, पण ती सांभाळणारी माणसे, कार्यशाळा आणि मार्ग आधी तयार होते. २००६ च्या खरेदीत विमाने भरपूर होती आणि बाकी सगळे मागाहून यायचे होते. आता नोंदवलेली मागणी या दोन्हींपेक्षा कितीतरी मोठी आहे, म्हणून तिचे यश विमानांच्या आकड्यावरून मोजणे चुकीचे ठरेल. नागपूरच्या आणि इतर केंद्रांत किती कुशल अभियंते उभे राहिले, जुन्या विमानांची देखभाल किती काटेकोर झाली आणि ताफ्यातील जाती किती कमी झाल्या, या कसोट्यांवरच तिचा निवाडा करावा लागेल, कारण विमान पैशाने विकत मिळते, पण ताफा वर्षानुवर्षांच्या शिस्तीनेच घडतो.